उतारावर वाजणारी गाडी

तेव्हा तिथे कोण कोण होतं ते आधी सांगते. माझे सासरे, त्यांना मी मामा म्हणायची. माझी सासू. हे, म्हणजे माझे घरवाले; ह्यांचं नाव मी उभ्या जन्मात कधी घेतलं नाही, आता कशाला घेऊ. मी होते. आणि सावंतवाडीचा मेस्त्री, ज्याचं गॅरेज तळ्याच्या मागच्या गल्लीत होतं. बाकीचे सगळे येणारे जाणारे. मेस्त्री सोडला तर आम्ही दर्याची माणसं. चाकाचं आम्हाला काही कळत नव्हतं. माझी शाळा दुसरीत सुटली, तेव्हा बोलते तसंच लिहिते.

हे आधी आगबोटीवर होते. खाली, बायलरपाशी, कोळसा टाकायला. वर्षातून एकदा घरी यायचे तेव्हा कपड्यांना कोळशाचा वास असायचा, तो मला आवडायचा. मग एका वर्षी अवेळी आले. बोटीचा बायलर फुटला होता. बाजूचे दोघे गेले, हे राहिले. अंगावर कुठे जखम म्हणून नव्हती. पण घरात पितळी हातातून पडली तरी हे उठून बाहेर जायचे आणि माडाच्या बुंध्याला पाठ लावून बसायचे. बोलवलं तर बघायचे, पण मी त्यांना दिसत नसे.

माणसं म्हणाली, वारा लागला. कोंबडा देऊन झाला. मामांनी देवळात उभं राहून गाऱ्हाणं घातलं, "बा महाराजा, माज्या झिलाच्या कानातलो आवाज काड रे महाराजा." मागे सगळी वाडी म्हणाली, "होय महाराजा." आवाज काही निघाला नाही. पण मामांनी एक पक्कं केलं, ह्याला परत बायलरपाशी पाठवायचा नाही. आमची रापण होती, किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. मासळी न्यायला गाडी घ्यायची आणि ती ह्यांनी चालवायची. ह्यांचा यंत्राला हात होता, गाडी शिकायला वेळ लागला नाही.

गाडी आणायला आम्ही बेळगावला गेलो. मी कशाला गेले ते आठवत नाही. बहुतेक ह्यांच्या बाजूला कोणीतरी बसायला हवं म्हणून.

एका आवारात तीन गाड्या उभ्या होत्या. पुढे दोघा-तिघांची जागा, मागे उघडा हौदा. तिन्ही एका कंपनीच्या, एका मापाच्या. पहिलीला दारं नव्हती, काच फक्त समोर, बसायला फळी. दुसरीला दारं, दारांना काचा, फळीवर गादी. तिसरी म्हणजे नवरीच. चकचकीत बंपर, आत घड्याळ, छताला आतून कापड, पायाखाली रबर.

मामांनी तिघींच्या खाली वाकून बघितलं. मग विचारलं, "हेंचा इंजिन येगळा आसा काय?"

विकणारा म्हणाला, "नाही आजोबा. इंजिन तेच, स्प्रिंगचे पाटे तेच, वजन उचलायची ताकद तीच. फरक फक्त बसणाऱ्याच्या सुखाचा."

"मगे बांगड्यांका सुख कित्याक व्हया? पयली द्या."

हे दुसरीपाशी उभे होते. तिचं दार त्यांनी हळूच लावलं, हळूच उघडलं. "बाबा, हिका दारां आसत."

"होडयेक दारां असतत रे?"

ह्यांनी दार परत लावलं. पुढे मला खूप वेळा वाटलं, घड्याळ आणि चकाकी हा बघणाऱ्यासाठीचा थाट, तो नसला तरी चालतं. पण दार, काच, पायाखालचं रबर हे माणसाच्या आणि इंजिनाच्या मध्ये असतं. विकणारा सगळ्याला एकच शब्द लावतो, सुख. घेणाऱ्याने वेगळं करून बघायचं असतं, कुठलं दिसायला आणि कुठलं लागायला. आम्हाला ते कोण सांगणार.

गाडी घरी आली तशी मामांनी तिला पुळणीवर नेली. नवी होडी दर्याला दाखवतात तशी. नारळ दिला, फुलं वाहिली, आणि पुढची चाकं लाटेत जाईपर्यंत गाडी आत घातली. त्या दिवशीचं पाणी अजून डोळ्यापुढे आहे. सपाट, दुधासारखं, त्यात गाडीचं हिरवं तोंड हलत होतं, आणि मला वाटलं आता ही अशीच तरंगत जाणार, बंदराच्या बाहेर.

मग तो रिवाजच पडला. रापण ओढली की गाडी पाण्याच्या कडेला न्यायची, तिथेच भरायची. रिकामी आली की वास जावा म्हणून दर्याच्याच पाण्याने आंघोळ. विहिरीचं गोडं पाणी प्यायला लागायचं. होडीला खारं पाणी बाधत नाही, मग गाडीला कसं बाधेल? मामांनी तर होडीला लावतात तसं माशाचं तेल तिच्या पोटाला खालून लावलं.

सासू म्हणायची, "आता हिका शीड बांदा, म्हणजे झाला."

ते काही महिने चांगले गेले. ताजी मासळी सावंतवाडीला, खारवलेले बांगडे आणि सुकी सुंगटं, म्हणजे कोळंबी, आंबोली चढून वर. मी बाजूला फळीवर बसायची. दारं नव्हती म्हणून रस्ता पायापाशी वाहताना दिसायचा, तांबडा, मग हिरवा, मग घाटात पांढरा. घाटात धुकं गाडीच्या एका बाजूने आत शिरायचं आणि दुसऱ्या बाजूने निघून जायचं, आमच्या मांडीवरून. हे गाणं म्हणत नसत, पण घशात काहीतरी गुणगुण असायची. मला वाटायचं, मिळालं. परत मिळालं.

मग चैत्रात, घाट उतरताना, ती पहिल्यांदा वाजली. फाट्! मागून, खालून, बंदूक सुटावी तशी.

ह्यांनी गाडी थांबवली, ब्रेक ओढला, इतकं शहाणपण हातांना होतं. मग उतरले आणि गटाराच्या कडेला कान धरून बसले. चहाच्या टपरीवरचा माणूस पाणी घेऊन आला. "पोटात दुकता काय हेंच्या?" मी म्हटलं, हो, पोटात. काय सांगणार. बराच वेळ मी त्यांच्या बाजूला बसले. उरलेला घाट हे पायी उतरले, आणि एका ओळखीच्या एसटी ड्रायव्हरने गाडी खाली आणून दिली.

त्यानंतर ती वाजत राहिली. रोज नव्हे, पण वाजणार हे ठरलेलं. हे ताठ बसून चालवायचे, मान एवढी कडक की हाक मारली तर सगळं अंग वळवायचे. गुणगुण गेली.

आणि मग इन्सुलीचं झालं. गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता. आम्ही बांद्याच्या बाजाराला सुंगटं घेऊन चाललो होतो, इन्सुलीच्या अलीकडे रस्त्यावर पोलीस उभे होते, चोरट्या मालासाठी गाड्या बघत होते. हात दाखवला म्हणून ह्यांनी वेग कमी केला, आणि गाडी वाजली. एक पोलीस खाली बसला, दुसऱ्याने बंदूक उचलली. आणि हे गाडी सोडून काजूच्या बागेत पळत सुटले.

पळणारा माणूस म्हणजे चोर. त्यांनी ह्यांना धरून आणलं. पायाला काटे, धोतर फाटलेलं. पोलिसासमोर मी जमेल तशी शाळेतली भाषा काढली. "साहेब, ते चोर नाहीत. ते आवाजाला भितात. गाडीत फक्त सुंगटं आहेत."

"स्वतःच्याच गाडीच्या आवाजाला भितो?"

"होय साहेब."

त्याने सगळी पोती उसवून बघितली. सुंगटांशिवाय काय मिळणार. मग तो ह्यांच्याकडे बघून हसला नाही, हे मी त्याचे उपकार मानते. म्हणाला, "बाई, गाडी दुरुस्त करा, नाहीतर विका. पुढच्या वेळी बंदूक सुटेल."

घरी आल्यावर मामा खळ्यात, घरापुढच्या अंगणात, बसले होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नारळी पुनवेपर्यंत बघूया. तवसर गप झाली तर बरा. नाय तर इकूया."

हे भिंतीकडे बघून बोलले, "इकलास तर मी आगबोटीर जातंय. हयसर बसान काय करू? जाळी इणू बायलांवांगडा?"

सासू आम्हा बायकांत जाळं विणत बसली होती, ती म्हणाली, "जाळी इणूक अक्कल लागता. तुका जमूची नाय."

सगळी हसली, हे पण हसले. पण मला रात्रंदिवस तेच. गाडी गेली तर हे बायलरपाशी जाणार. आणि तिथे गेले तर परत येणार ते हे नसणार.

पावसात रापण बंद, पण सुक्या मासळीला गिऱ्हाईक असतं, म्हणून गाडी चालू राहिली. मी ठरवलं, आवाज आत येऊ नये म्हणून ह्या पहिलीची बेळगावातली दुसरी करायची, आणि जमलं तर तिसरी. काथ्याच्या जाड चटया विणून पायाखाली घातल्या. छताला आतून गोधडी शिवली. सावंतवाडीला लाकडी खेळणी करणारा एक कारागीर होता, त्याच्याकडून दोन दारं करून घेतली. त्याने ती खेळण्यासारखीच रंगवली, लाल, पिवळी, लाखेची चकाकी. रस्त्यात माणसं हाका मारायची, "गो बाये, दोरी खंय हिची? ओढूक नको?"

आवाज कमी झाला. पण ह्यांचं जास्त बिघडलं. घाटाखाली गाडी उभी करून म्हणाले, "काड ही दारां."

"कित्याक? कमी नाय झालो?"

"कमी झालो तोच वाईट. आता तो खालसून येता. पत्र्याच्या खालसून, लांबसून. बोटीत तसोच इल्लो." मग दार ढकलून उघडलं, "उगड्यार वाजांदे. माका कळांदे तरी."

मी दारं काढून हौद्यात ठेवली. तेव्हा मला कळलं, की झाकून भागणार नाही. आवाजाचं मूळच शोधायला हवं.

गाडी सावंतवाडीच्या मेस्त्रीकडे नेली. तो मूळचा गोव्याकडचा, पान खाणारा, तोंड बंद न होणारा. आधी प्लग काढले, काळे झाले होते, घासून घातले. "आता मांजरासारी जातली." वाजली. मग म्हणाला, पावसाचा दमटपणा शिरलाय, जिथून प्रत्येक प्लगला करंट वाटला जातो त्या डब्याचं झाकण भिजलंय, ठिणगी भलत्याच वेळी पडते. झाकण पुसलं, सुकवलं, ठिणगीची वेळ लावून दिली. गाडी ओढायला चांगली लागली. उतारावर वाजली. मग म्हणाला पेट्रोलात पाणी असेल. टाकी रिकामी केली. मग कारबुरेटर उघडला.

"ही खोकता काय फुडसून?" त्याने विचारलं. "फुडसून खोकली तर समजायचा हवा जास्त, पेट्रोल कमी. हिचा तोंड सुकता."

हे म्हणाले, "फुडसून कदी नाय. मागसूनच."

मी सुपारी कातरत बसले होते. मी म्हटलं, "आणि चढणीक कदी वाजणा नाय. पाय उचललो की वाजता. उतारार, नाय तर थांबताना."

मेस्त्री थांबला. पान थुंकला. "बाये, ह्या आदी सांगूक येय नाय तुका?"

"तू इचारलस खंय? तू बोलत होतस."

तो खाली झोपला, गोणपाट पसरून. गाडी चालू ठेवायला सांगितलं आणि धूर सोडणाऱ्या नळीच्या तोंडात ओलं फडकं कोंबलं. आणि बघतो तर गाडीच्या पोटाखालून, मधूनच, चार ठिकाणांहून धूर यायला लागला. चुलीवरच्या कौलांतून येतो तसा, संथ. माझ्या पायातून वर आला. गॅरेजभर निळं झालं आणि त्यात मेस्त्रीचा आवाज नुसता फिरत होता.

"ह्या काय? ह्या सायलेन्सराक काय लायलेला आसा?"

त्याने खरवडून एक काळा गोळा आणला. कापूस आणि राळ. मामांनी कधीतरी नळीला भोक बघितलं होतं आणि होडीची फट बुजवतात तसं बुजवलं होतं. कोणाला सांगायचं त्यांना सुचलंही नाही, होडीची फट बुजवली तर कोण सांगतो? राळ जळून गेली, भोकं वाढली.

भोकांच्या कडेचा गंज बोटाने खरवडून मेस्त्रीने मीठ ओळखलं. "गाडी दर्यात खंय घातलास?"

हे म्हणाले, "रोज."

"रोज!" तो खाली बसला आणि हसत सुटला, इतका की बाजूच्या दुकानातली माणसं आली. "आणि जाळ्यात काय गावला?"

हसून झाल्यावर त्याने ह्यांना जवळ बोलावलं. मी ते शब्द तसेच्या तसे जपून ठेवलेत. "हय बघ. पाय उचललंस की काय होता? सगळा पेट्रोल जळणा नाय. थोडा तसाच ह्या नळयेत जाता. नळी तापलेली. भोकातसून हवा इली की थंयच पेटता. तोच तुजो फाट्."

"ओल्या लाकडासारखा," मी म्हटलं. "धूर कोंडता आणि मगे भप्प करता."

"तसाच."

हे खाली नळीकडे बघत होते. "माणूस मरता?"

मेस्त्रीला ह्यांचं काही माहीत नव्हतं. तो सहज बोलला, "हेना? हेना बांगडो पण मरूचो नाय."

हे जाऊन फळीवर बसले. पायाने पेट्रोल दाबलं, गाडी ओरडली, पाय उचलला. फाट्! मी ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. रंग गेला, ओठ पांढरे. पण उतरले नाहीत. परत दाबलं, परत उचलला. फाट्! पाय ह्यांचाच होता. आवाज ह्यांच्या पायातून निघत होता.

मेस्त्री म्हणाला, "नवो सायलेन्सर घालतंय. दुपारपर्यंत गप होतली."

हे म्हणाले, "आज नको. उद्या घाल."

"कित्याक?"

"आज आंबोलीक जावन येतंय."

मेस्त्रीने माझ्याकडे बघितलं. मी उठून फळीवर जाऊन बसले.

घाट चढलो. श्रावणातलं धुकं, पुढचा दगड दिसेना. वर टपरीवर चहा घेतला, गाडी वळवली. उतार लागायच्या आधी ह्यांनी थोडा वेळ नुसतं चाक धरून ठेवलं. मग सोडलं.

पहिल्या वळणावर पाय उचलता उचलता हे हळूच म्हणाले, "आता."

फाट्!

पुढच्या वळणावर, "आता." फाट्! कधी ह्यांचा शब्द आधी, कधी आवाज आधी, आणि चुकलं की हे "हत्" म्हणायचे, पत्त्यात चुकल्यासारखं. धबधब्याचं पाणी रस्त्यावर होतं, गाडी त्यातून गेली. धुक्यात एक म्हातारा बैल घेऊन उभा होता, बैल बिचकला, म्हातारा म्हणाला, "कोणाचा लगीन रे?" हे हसले. खरंच हसले. मला ते सगळं उतरणं आता स्वप्नासारखं आठवतं. घाट होता की नव्हता, गाडी चालत होती की आम्हीच हळूहळू ढगातून खाली येत होतो. ह्यांच्या गालावर पाणी होतं, धुक्याचं की कशाचं मी विचारलं नाही. नुसतं ऐकत बसले. आता. फाट्. आता. फाट्.

खाली दाणोलीला गाडी थांबवली तेव्हा ह्यांनी कपाळ चाकाला टेकलं. म्हणाले, "बोटीत कोणी सांगूक नाय गो. आता येता म्हणान."

तेवढंच. बोटीवर गेलेल्या त्या दोघांबद्दल ह्यांनी मला आयुष्यात तेवढंच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी नवी नळी बसली, गाडी गप झाली. मामांना सांगितलं, खारं पाणी नको. ते रुसले. म्हणाले, "मगे गाडी आमची कशी?" पण ऐकलं. गाडी विकली नाही. हे बायलरपाशी गेले नाहीत. भीती सगळी गेली असं मी म्हणणार नाही, फटाके लागले की हे घरात यायचे, माझ्याजवळ बसायचे. पण माडाखाली जायचे नाहीत, आणि बोलवलं की ओ द्यायचे. गाडी बरीच वर्षं चालली. हेही गेले, त्यालाही आता वर्षं झाली. झोपेत गेले, कसला आवाज न होता.

वाचणाऱ्यांकडे माझं एकच मागणं आहे. तुमची गाडी वाजत असेल तर ती दाखवून घ्या. पण कधी वाटेत वाजलीच, आणि बाजूच्या खळ्यात कोणी माणूस दचकून उभा राहिलेला दिसला, तर तसेच पुढे जाऊ नका. थोडं थांबा, आणि त्याला सांगा की काही नाही, गाडीच होती.